माशी परत येते

बिस्किटांच्या डब्यात सतरा स्प्रिंगा.
वडील डबा टेबलावर उपडा करतात
तेव्हा खणखणाट मला ऐकू येतो, त्यांना नाही.
चाळीस वर्षं दानाओच्या या पत्र्याखाली
नळ्या कानसून, चाचणीचे बार काढून
उजवा कान पूर्ण गेला,
डावा उरलाय सणावारापुरता.

"ताय, उद्या मांदावेला सामना," मी ओठ मोठे करून सांगते.
ते हात झटकतात. आठवडाभर
मासळी वाळवणाऱ्या बायकांनाही तेच सांगत होते.

आधी अकरा पौंडांची.
टेबलावर ताठ उभी राहते, भरतीच्या रांगेतल्या पोरासारखी.
मागच्या अंगणात, मातीच्या बांधापुढे, मी पाच गोळ्या मारते.
पुंगळ्या पायाशीच पडतात.
स्लाईड मागे जाते सावकाश, हाताला गोड,
पण परत येते ती दार आपटून,
आणि माशी खाली वाकते,
जमिनीवर काही सांडल्यासारखी.
ती वर येईतो पाव सेकंद.
पाव सेकंदात पोन्सियानो पुढच्या पाटीवर पोचलेला असतो.

मग सातची.
पुंगळ्या थेट पपईच्या झाडापर्यंत.
मागे जाताना असा ठोसा की सांगाडा कण्हतो,
आणि चौथ्या गोळीला स्लाईड मिटलीच नाही,
केसभर फट.
अंगठ्यानं ढकलली तेव्हा कुठे.
वडील पुंगळ्या वेचतात, अंतर पावलांनी मोजतात.
ऐकू येत नाही म्हणून जमीन वाचतात.

मधेच दांडे.
टंगस्टनचा बोटाएवढा, आणि वजन
गाभण मांजरीचं.
नळीचं तोंड दाबून धरतो खरा,
पण वळताना तोच पुढे निघून जातो
आणि त्याला थांबवायला मनगट लागतं.
माझं मनगट आईचं आहे.
पोलादी ठेवू. प्लास्टिकच्या दांड्याकडे
ते बघतसुद्धा नाहीत.

त्यांचा हात पुन्हा अकराकडे जातो.
त्यांच्या तरुणपणी गिऱ्हाईक रात्री यायचं,
नाव सांगायचं नाही,
एवढंच म्हणायचं: अडकता कामा नये.
आता परवाना आहे, भिंतीवर, सांतो निन्योच्या शेजारी,
काचेत. हाताला अजून कळलेलं नाही.

मी डब्याच्या तळातून एक जुनी काढते.
नऊची. दोन हजार गोळ्या खाल्लेली,
नवीपेक्षा दीड वेढा आखूड.
तिचं जे कमी व्हायचं ते होऊन गेलंय.
ते तोंड वाकडं करतात. वापरलेली?
मग माझ्या कोपराखाली तळवा ठेवतात
आणि डोळे मिटतात.

मी मारते.
पुन्हा मारते.
दोन गोळ्या लागोपाठ, मग आणखी दोन.
माशी उडते, आणि जिथून उडाली
तिथेच येऊन बसते, मी न बोलावता.
पुंगळ्या पेरूच्या सावलीत, एका घोळक्यात.

"येताना आपटत नाही," ते ओरडतात,
बहिरे ओरडतात तसे, सगळ्या गल्लीला.
शेजारची तेओदोरा खिडकीतून विचारते, काय आपटलं?
"पण जाताना सांगाड्याला मार बसेल, ताय."
हे त्यांना ओठांवरून बरोबर कळतं.
"बसू दे. सांगाडा मी नवा करीन."

रात्री ते एकटेच दिव्याखाली बसून होते.
मी झोपले.

पहाटे जीपनीत पिशवी उघडली.
चष्मा, कानाच्या टोप्या, केळीच्या पानातला भात,
आणि तळाशी
तेलकट कागदात गुंडाळलेली अकराची.
वर पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत,
जणू मलाच ऐकू येत नाही:
वाळू उडाली तर.